थिएटरची जागा लीजवर निघालीय? आधी मूळ आदेश शोधा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. जागा शासनाची, ताबा नगरपालिकेचा, जुनं नाट्यगृह पाडून जमीन 30 वर्षांच्या लीजवर बिल्डरला, वर दुकानं-ऑफिसं आणि त्यातच कुठंतरी 'अत्याधुनिक ऑडिटोरियम'. इथं कोल्हापुरात आमच्या हौशी संस्थेवर हेच आलं होतं. आमचा तालमीचा हॉल आणि छोटं स्टेज असंच शासनाच्या जमिनीवर होतं, आता नाही.

सह्या, निवेदनं, मोर्चा हे तुम्ही करालच, त्यावर बोलत नाही. ती जमीन मुळात कुणी, कुणाला, कशासाठी दिली तो आदेश आधी हातात घ्या. मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढून थांबू नका. तिच्यावर धारकाचं नाव आणि सत्ताप्रकार, म्हणजे जमीन कुठल्या हक्कानं धारण केलीय ते, कळतो, अटी बहुतेक वेळा कळत नाहीत, नुसतं 'आदेश क्र. अमुक' एवढी नोंद असते. जमीन फक्त नाट्यगृहासाठी दिलीय आणि दुसरा वापर केला तर शासनजमा होईल अशी अट त्या आदेशात असेल, तर नगरपालिकेला परस्पर काही करता येत नाही, आधी शासनाकडं जावं लागतं.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच झालं. ज्या कार्यालयात तो आदेश असायला हवा, नाव घेत नाही, तिथं पहिल्यांदा सांगितलं हे आमच्याकडं नाही पलीकडं विचारा, पलीकडचे म्हणाले त्यांच्याकडंच आहे, मग अर्ज दिला तर लेखी उत्तर आलं 'संचिका आढळून येत नाही', म्हणजे फाइलच सापडत नाही. तेवढ्यात हरकती-सूचनांची मुदत संपली, करारनामा रजिस्टर झाला. आणि नंतर त्याच कार्यालयात बदलून आलेल्या एका क्लार्कबाईंनी रुमाल, म्हणजे जुने कागद कापडात बांधलेलं गाठोडं, सोडून बघितला तर आदेश आतच, शेजारच्या सर्व्हे नंबरच्या कागदांत बांधलेला. टाइपरायटरवरचं पिवळं पान, चौथी अट, 'नाट्यप्रयोग व तत्सम सांस्कृतिक कार्याखेरीज अन्य वापर करता येणार नाही', खाली शाईची सही. वेळेत मिळालं असतं तर आज आमचं स्टेज उभं असतं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

म्हणून माहिती अधिकारात नुसती 'माहिती द्या' असं लिहू नका, अभिलेखाचं निरीक्षण मागा, स्वतः बसून रुमाल बघा, आजूबाजूच्या नंबरांचे पण. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांतच लागतो, त्यामुळं आदेशाचा वेगळा, लीजच्या प्रस्तावाचा वेगळा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर लगेच पहिलं अपील टाका, आठवण करून देत बसू नका. 'सापडत नाही' म्हणाले तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चं नाव घालून जबाबदारी निश्चित करा अशी मागणी करा, माझ्या अनुभवात त्यानंतर कागद सापडायला लागतात.

मी वकील नाही, हे एखाद्या जमीन-महसूल बघणाऱ्या वकिलाला दाखवूनच पुढं जा. पण नगरपालिका असेल तर नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातलं कलम 92 आणि महापालिका असेल तर त्यांच्या अधिनियमातलं कलम 79 वाचून घ्या, मालमत्ता लीजवर द्यायची रीत तिथं आहे. विकास आराखड्यात नाट्यगृहाचं आरक्षण असेल तर ते बदलायला एमआरटीपीचं, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं, कलम 37 लागतं, त्याची नोटीस पेपरात येते आणि हरकतीला एक महिना असतो. पेपर रोज कुणीतरी एकानं बघायचाच, आतली पानं सुद्धा. प्रशासक बसलेला असेल तर जास्तच, आमच्या महापालिकेत 2020 पासून कितीतरी वर्षं प्रशासकच होते, निवडून आलेले नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर प्रश्न विचारणार कोण?

आणि त्या 'अत्याधुनिक ऑडिटोरियम'ला भुलू नका. खुर्च्यांचा आकडा सांगतात, नाटकवाल्याला पाहिजे ते कुणी सांगत नाही. रंगमंचाची खोली किती, विंगा किती, वर पडदे ओढून घ्यायला उंची आहे का, सेटचा टेम्पो थेट मागच्या दाराला लागतो का. हॉल तिसऱ्या मजल्यावर काढला की सेटचे आठ-दहा फुटी फ्लॅट, म्हणजे उभ्या चौकटी, लिफ्टमध्ये मावत नाहीत, मग तिथं गॅदरिंग आणि सेमिनारच होणार, नाटक नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की तळमजल्याखेरीज नाट्यगृह मान्यच करू नये.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. आत्ता आहे त्या थिएटरची मापं टेपनं घ्या, रंगमंच, प्रोसिनियम म्हणजे रंगमंचाची दर्शनी चौकट, ग्रीनरूम, बाल्कनी, सगळ्याचे फोटो काढा, एखाद्या आर्किटेक्चरच्या पोरांना बरोबर घ्या. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आमचं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोकांची मागणी एकच, होतं तसंच उभारा. पण 'होतं तसं' म्हणजे नक्की कसं, हे कागदावर असेल तरच कुणाला धरता येतं. तुमचं तर अजून उभं आहे. ती मापं हरकतीच्या अर्जाला जोडा, 'यापेक्षा कमी चालणार नाही' असं लिहा आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

आदेश मिळाला की इथं लिहा, त्यातल्या अटी बघून पुढचं सांगतो.