'आदिम परजीवी' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेचा आहे. अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी टिपणे तयार करताना त्यांनी 'जिआर्डिया हा तंतुकणिका नसलेला आदिम परजीवी आहे' असे वाक्य लिहिले, आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने 'आदिम' या शब्दाला हरकत घेतली. (जिआर्डिया हा आतड्यात राहणारा एकपेशीय जीव आहे.) ही हरकत योग्य आहे का, असल्यास दुसरा कोणता शब्द वापरावा आणि 'परजीवी' बरोबर की 'परोपजीवी', असे त्यांनी विचारले आहे.

हरकत योग्य आहे. माझ्या मते त्या वाक्यातला 'आदिम' जितका अडचणीचा आहे तितकाच 'नसलेला' हा साधा दिसणारा शब्दही अडचणीचा आहे. पण आधी 'आदिम' पाहू.

'आदि' म्हणजे आरंभ, आणि जे आरंभी असते ते आदिम. ज्या प्रत्ययाने 'अग्र'पासून 'अग्रिम' आणि 'पश्च'पासून 'पश्चिम' हे शब्द झाले, त्याच प्रत्ययाने 'आदिम' झाला. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यावर जी दिशा मागे येते ती पश्चिम. म्हणजे हे तिन्ही शब्द मुळात क्रमातली जागा सांगणारे आहेत. गुणदोष सांगणे हे त्यांचे काम नव्हे. मराठीत मात्र 'आदिम' हळूहळू काळाकडून गुणाकडे सरकला आहे. 'आदिम हत्यारे', 'आदिम पद्धत' असे आपण म्हणतो तेव्हा ती किती जुनी आहेत यापेक्षा ती किती ओबडधोबड आणि अप्रगत आहेत हेच बहुधा मनात असते. 'आद्य' त्याच मूळचा, पण त्याचे नेमके उलट झाले. 'आद्य क्रांतिकारक' म्हणताना काळाच्या जोडीला मान येतो. त्यामुळे शास्त्रीय लेखनात 'आदिम' लिहिणाऱ्याला 'फार पूर्वीचा' म्हणायचे असते, वाचणारा 'साधा, कमी अवयवांचा' असे समजतो, आणि मग 'जो साधा तो जुना' असा उलटा निष्कर्ष वाचकाच्या मनात आपोआप तयार होतो. जिआर्डियाच्या बाबतीत हाच निष्कर्ष एके काळी शास्त्रज्ञांनीही काढला होता, म्हणून ती हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

केंद्रक असलेल्या, म्हणजे दृश्यकेंद्रकी पेशीत ऊर्जानिर्मितीचे काम तंतुकणिका करतात. १८९८ मध्ये कार्ल बेंडा यांनी तंतू आणि कण या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांना 'मायटोकॉन्ड्रिया' हे नाव दिले. 'तंतुकणिका' हे त्याचे अक्षरशः आणि सुरेख रूपांतर आहे. या तंतुकणिका म्हणजे एके काळी स्वतंत्रपणे जगणारे आणि नंतर दुसऱ्या पेशीच्या आत वस्तीला आलेले जीवाणू होत, ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली गेली होती. १९६७ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी ती नव्या पुराव्यांसह पुन्हा मांडली, आणि पुढे तंतुकणिकांमधल्या डीएनएच्या अभ्यासाने ती खरी ठरली. मग साहजिकच प्रश्न आला की केंद्रक आहे पण तंतुकणिका अजून आलेल्या नाहीत, अशा मधल्या टप्प्यावरचा एखादा जीव आज शिल्लक असेल का. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस कॅव्हेलिअर-स्मिथ यांनी १९८३ मध्ये असे काही जीव एकत्र करून त्यांच्या गटाला 'आर्केझोआ' हे नाव दिले. त्या नावाचा अर्थच 'प्राचीन प्राणी' असा होतो. जिआर्डिया, आमांशाचा एन्टामिबा, ट्रायकोमोनास आणि मायक्रोस्पोरिडिया हे सगळे एकपेशीय परजीवी या गटात होते. जनुकांवरून काढलेल्या सुरुवातीच्या वंशवृक्षांतही जिआर्डिया आणि मायक्रोस्पोरिडिया अगदी खालच्या फांदीवर दिसत होते. मराठी टिपणांतला 'आदिम परजीवी' बहुधा याच मताचा वारसा असावा.

पुढच्या वीस वर्षांत हे मत कोसळले. १९९५ मध्ये एन्टामिबाच्या जनुकसंचात तंतुकणिकांकडून आलेली जनुके सापडली, आणि १९९९ मध्ये त्याच्या पेशीत तंतुकणिकेचा एक खुरटलेला अवशेष दिसून आला. त्याला 'मायटोसोम' म्हणतात. २००२ मध्ये मायक्रोस्पोरिडियात आणि २००३ मध्ये जिआर्डियातही मायटोसोम सापडले. जिआर्डियाचा मायटोसोम ऊर्जा तयार करत नाही, त्यात स्वतःचा डीएनएही उरलेला नाही. काही प्रथिनांना लागणारे लोह आणि गंधक यांचे लहान गुच्छ जुळवण्याचे, तंतुकणिकेच्या मूळ कामांपैकी एक काम मात्र तो अजून करतो. म्हणजे या जीवांच्या पूर्वजांकडे तंतुकणिका होत्या. परजीवी जीवनात त्या झिजत गेल्या. शालेय पुस्तकांत माकडहाड आणि अक्कलदाढ यांच्यासाठी 'अवशेषांग' हा शब्द आहे, आणि मायटोसोमला तो चपखल बसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली जिआर्डिया पाहिला तरी त्याला आदिम म्हणवत नाही. सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्मजीव पाहणारे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये स्वतःच्याच शौचात तो पाहिला. नासपतीच्या आकाराचा, मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा जीव. त्याला शेजारी-शेजारी दोन केंद्रके असतात आणि ती डोळ्यांसारखी दिसत असल्यामुळे एखादा चेहरा आपल्याकडे टक लावून पाहत असल्याचा भास होतो. मागे-पुढे मिळून कशाभिकांच्या, म्हणजे पोहण्यासाठीच्या चाबकासारख्या धाग्यांच्या, चार जोड्या असतात आणि पोटाच्या बाजूला आतड्याच्या भिंतीला घट्ट चिकटण्यासाठी एक चकती असते. आतड्यात राहण्यासाठी जे लागते ते सगळे या जीवाकडे आहे, आणि जे लागत नाही ते त्याने टाकून दिले आहे.

हे समजायला आपल्या कुंपणावरची अमरवेल पुरेशी आहे. बाभळीवर, बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता टाकावा तशी ती पसरलेली असते. तिचे मूळ जमिनीत नसते, नाव घ्यावे असे पानही तिला नसते. पण बी रुजते तेव्हा तिला छोटे मूळ असते. आधाराचे झाड मिळाले की ते वाळून जाते. फुलांचा हंगाम आला की त्या दोऱ्यांवर पांढुरक्या, घंटेसारख्या बारीक फुलांचे झुबके येतात, आणि ते जवळून पाहिले की ही वेल रताळ्याच्या कुळातली आहे हे पटते. अमरवेलीला पाने नाहीत म्हणून ती शेवाळाच्या जमान्यातली आहे, असे कोणीही म्हणत नाही. पाने होती आणि ती गेली, हे आपण तिच्या फुलांवरून ओळखतो. जिआर्डियाच्या बाबतीत त्या फुलांचे काम मायटोसोमने केले.

आता 'नसलेला' हा शब्द पाहू. 'तंतुकणिका नसलेला' म्हटले की फक्त स्थिती कळते. तंतुकणिका कधी नव्हत्याच की होत्या आणि गेल्या, हे कळत नाही. मराठीत यासाठी 'गमावलेला' हा सोपा आणि नेमका शब्द आहे. 'नसलेला' वर्तमानापुरता, 'गमावलेला' भूतकाळासह. या फरकाचे महत्त्व २०१६ मधल्या एका शोधाने दाखवून दिले. चिंचिला या दक्षिण अमेरिकी कुरतडणाऱ्या प्राण्याच्या आतड्यातून मिळवलेल्या मोनोसर्कोमोनॉइड्स या सूक्ष्मजीवात तंतुकणिका नाही, तिचा अवशेषही नाही. लोह-गंधकाचे गुच्छ जुळवण्यासाठी तो जीवाणूंकडून मिळालेली वेगळी यंत्रणा वापरतो. त्याच्या नातेवाइकांत मात्र तंतुकणिकेचे अवशेष आहेत, म्हणून त्यानेही ती गमावली असेच म्हणावे लागते. 'नसलेला' हे विशेषण अक्षरशः लागू पडेल असा हा जीव, आणि तरीही 'आदिम' त्यालाही लागू होत नाही.

मग 'आदिम'च्या जागी काय लिहावे? काहीजण 'ऱ्हसित' लिहितात. व्याकरणाच्या दृष्टीने तो बरोबर आहे, पण 'ऱ्हास' या शब्दात मराठी माणसाला अधोगती ऐकू येते, आणि मग एका चुकीच्या भावार्थाच्या जागी दुसरा येतो. मला 'संक्षिप्त' हा शब्द अधिक आवडतो. एखाद्या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती पानांनी लहान असते, पण मूळ ग्रंथानंतरची असते, आणि काय गाळायचे हे कशासाठी तरी ठरलेले असते. मायक्रोस्पोरिडियाची आकडेवारी पाहिली तर हा शब्द किती जुळतो ते कळते. त्यांतल्या एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या जातीचा जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला. तो डीएनएच्या सुमारे २९ लाख अक्षरांचा आणि साधारण २,००० जनुकांचा आहे. पावाच्या यीस्टचा जनुकसंच सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा आणि ६,००० जनुकांचा आहे. ई. कोलाय या जीवाणूचासुद्धा ४६ लाख अक्षरांचा आहे. म्हणजे केंद्रक असलेला हा जीव जनुकसंचाच्या बाबतीत एका साध्या जीवाणूपेक्षाही आटोपशीर निघाला. तो आता प्राचीन फांदीवर राहिलेला नाही, कवकांच्या जवळचा नातेवाईक मानला जातो. त्याच्या बीजाणूत गुंडाळून ठेवलेली एक नळी असते. ती झटक्यात बाहेर फेकली जाते, यजमान पेशीला भोसकते आणि बीजाणूतला सगळा ऐवज त्या नळीतून आत जातो. लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या ज्या पेब्रिन रोगाचा अभ्यास केला, तोही याच गटातल्या जीवामुळे होतो.

हीच गोष्ट हिवतापाच्या परजीवीचीही. प्लाझमोडियम या त्या परजीवीच्या पेशीत चार पटलांनी वेढलेले एक लवक, म्हणजे वनस्पतींच्या पेशीत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या कणांच्या जातीचे अंगक, असते. त्याला हिरवा रंग नाही आणि ते प्रकाशसंश्लेषणही करत नाही, पण त्याचा वंश तांबड्या शैवालापर्यंत जातो. रक्तात राहणाऱ्या या जीवाचे पूर्वज कधी काळी उन्हावर जगत होते, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी 'गमावलेला' हा शब्द विसरत नाहीत. डॉक्सिसायक्लिनसारखी जीवाणूंवरची औषधे हिवतापावर चालतात ती याच लवकामुळे, कारण शैवालातले लवकही मुळात जीवाणूच्याच वंशातले आहे.

या निमित्ताने 'आदिजीव' आणि 'आदिकेंद्रकी' (केंद्रक नसलेल्या पेशींचे जीव) या शब्दांविषयीही सांगायला हवे. 'आदिजीव' हा 'प्रोटोझोआ'चा प्रतिशब्द आहे आणि तो शाळेत इतका रुळला आहे की तो बदला असे मी म्हणणार नाही. मात्र त्यातला 'आदि' नावापुरता आहे, हे शिक्षकांनी एकदा सांगून टाकावे. 'आदिकेंद्रकी'तला 'आदि' त्या मानाने टिकण्यासारखा आहे, कारण केंद्रक नसण्याची अवस्था पृथ्वीवर खरोखरच आधीची आहे. पण तो अवस्थेचा पूर्वक्रम आहे, आजच्या जीवाणूंचा नव्हे. आजचा जीवाणू आपल्याइतकाच दीर्घ उत्क्रांतीतून आलेला आहे. शिवाय या एका शब्दाखाली जीवाणू आणि आर्किया असे दोन वेगळे वंश येतात आणि त्यांतला आर्कियांचा वंश आपल्या पेशींना अधिक जवळचा आहे.

राहिले 'परजीवी' आणि 'परोपजीवी'. दोन्ही शुद्ध आहेत. 'उपजीव्' म्हणजे कशाच्या तरी आधाराने जगणे. 'उपजीविका' त्यातूनच आला, म्हणून 'परोपजीवी'त अर्थ अधिक उघड आहे. मराठी विश्वकोशातला 'जीवोपजीवी' त्याहूनही नेमका, कारण त्यामुळे तो शवोपजीवीपासून, म्हणजे मृत अवशेषांवर जगणाऱ्यापासून, स्पष्टपणे वेगळा होतो. तरीही टिपणांत 'परजीवी' ठेवायला हरकत नाही. तो आटोपशीर आहे आणि सर्वांना कळतो. 'बांडगूळ' मात्र टाळावे. बांडगुळाला हिरवी पाने असतात आणि ते स्वतःचे बरेचसे अन्न स्वतः तयार करते, त्यामुळे जिआर्डियाशी त्याची तुलना टिकत नाही.

तेव्हा ते वाक्य मी असे लिहीन: 'जिआर्डिया हा संक्षिप्त पेशीरचनेचा परजीवी आहे, त्याच्या पूर्वजांकडे असलेल्या तंतुकणिका त्याने गमावल्या असून त्यांचे अवशेष मायटोसोमच्या रूपात उरले आहेत.' वाक्य लांबले आहे, आणि मला ते लांबलेलेच हवे आहे.