'सति' म्हणजे सय

प्रश्न वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा आहे. समुपदेशकांच्या पत्रकाचं मराठी करताना माइंडफुलनेस या ध्यानाच्या सरावाला 'मनःपूर्णता' लिहावं की 'सजगता'? आणि त्यात मूळ पाली शब्द म्हणून 'सती' छापलाय, तो वाचून सासूबाई दचकल्या. तो काढावा का?

'मनःपूर्णता' आधी खोडा. हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे करून दोन्हींचं भाषांतर केलं, की मराठी शब्द होत नाही. मराठीत मन भरतं ते जेवणाने, गाण्याने.

सासूबाईंच्या मनातली सती 'सत्' वरून आली. पाली 'सति' ऱ्हस्व आहे आणि ती संस्कृत 'स्मृति'. शेवटचा इकार दीर्घ लिहायच्या आपल्या सवयीने दोघींची गाठ घातली. 'स्मृति'चं प्राकृतात 'सइ' झालं आणि मराठीत 'सय'. माहेरची सय येते, ती हीच! 'स्मृ' धातू आपल्या 'विसरणे'तही आहे. वडोदऱ्यात तर तो रोज कानावर पडतो: शेजारीण 'मने सांभरे छे' (मला आठवतं) म्हणते, त्यातलं 'सांभरवुं' म्हणजे 'संस्मर'. (आपल्या 'सांभाळणे'शी त्याची गल्लत करू नका.)

पाली ग्रंथांचे इंग्रजी अनुवादक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये 'सति'ला माइंडफुलनेस म्हटलं, ते चांगलंच होतं. त्या इंग्रजी शब्दात 'ध्यानात ठेवणं' होतं. पुढे 'निव्वळ अवधान' हा अर्थ रूढ झाला आणि आठवण गळून पडली. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांची व्याख्या वर्तमान क्षणाकडे, बरंवाईट न ठरवता, लक्ष देण्याची आहे. उपचार म्हणून मला ती मान्य आहे. 'सति'चा अर्थ म्हणून मुळीच नाही. संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात 'सति'ची ओळख करून देताना फार पूर्वी केलेलं-बोललेलं आठवणं, असंच स्पष्ट म्हटलंय. अंगुत्तरनिकाय या तशाच दुसऱ्या संग्रहात ती नगराच्या वेशीवरचा द्वारपाल आहे: ओळखीच्याला आत घेणारा, अनोळख्याला अडवणारा. बरंवाईट न ठरवणारा द्वारपाल काय कामाचा?

वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी सेगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी माइंडफुलनेसवर जी चिकित्सा बांधली, तिच्यातही मला आठवणच दिसते. 'मी कुचकामी' हा विचार आला, की 'हा फक्त विचार आहे' हे त्याच क्षणी आठवावं लागतं. मन श्वासावरून भटकतं म्हणजे श्वास विसरतं. परत येतं ते आठवल्यावर.

मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. आपण 'ध्यानात ठेव' म्हणतो, म्हणजे 'विसरू नकोस'. ध्यान आणि आठवण आपल्या बोलण्यात एकाच जागी राहतात.

'सजगता' चुकीचा नाही, पण तो 'संपजञ्ञ' (स्पष्ट जाणीव) या सतिच्या जोडीदाराला जास्त शोभतो. शीर्षकात हवा तर राहू द्या. 'सति' ऱ्हस्व छापा आणि सासूबाईंना सांगा, ही सय आहे. सूचनेत मात्र 'श्वासाकडे सजगतेने पाहा' नको, 'श्वास ध्यानात ठेवा' लिहा.