दुकानातला संथ संगणक: नवा घ्यावा की आहे तोच सुधारावा?

प्रश्न: कराडमध्ये आमचे शालेय पुस्तकांचे व वह्यांचे दुकान आहे. बिलिंगचा संगणक 2017 साली घेतलेला असून त्यावर विंडोज 10 आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा बारकोड स्कॅन केल्यावर वस्तूचे नाव पडद्यावर यायलाच इतका वेळ लागतो की रांग दाराबाहेर जाते. विक्रेता नवा संगणक आणि वार्षिक वर्गणीचे ऑनलाइन सॉफ्टवेअर घेण्याचा आग्रह धरतो आहे. दोन्हींची खरोखर गरज आहे का?

उत्तर: आधी वेळ नेमका कुठे खर्च होतो ते पाहा. ऐन गर्दीत संगणक अडखळत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडतो. त्यात डिस्कचा रकाना 100 टक्क्यांच्या आसपास अडकलेला आणि सीपीयूचा (मुख्य प्रोसेसरचा) आकडा मात्र कमी दिसत असेल, तर अडचण बहुधा जुन्या हार्ड डिस्कची आहे. तिच्यात फिरत्या तबकडीवरून माहिती उचलणारा दांडा प्रत्येक नोंदीसाठी जागा बदलतो, आणि हजारो वस्तूंच्या यादीतून विखुरलेल्या नोंदी शोधताना सगळा वेळ त्या हालचालीतच जातो. म्हणून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवावी; तिच्यात फिरणारा एकही भाग नसल्यामुळे हा खोळंबा उरत नाही. रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती) 4 जीबी असेल तर ती त्याच वेळी 8 जीबी करून घ्यावी. हा खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत पुष्कळच कमी आहे.

मात्र वेग वाढला म्हणजे संगणक सुरक्षित झाला असे नव्हे. विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची अद्यतने, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, आणि 2017 मधले बहुतेक संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. म्हणून हा संगणक फक्त बिलांपुरता ठेवून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावरून करावीत. पुढे नवा संगणक घ्यालच, पण तो गर्दीच्या तोंडावर घाईने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही विचारले नाही, तरी मला अधिक काळजी तुमच्या नोंदींची वाटते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात, आणि छोट्या दुकानांत त्या साऱ्या नोंदी पुष्कळदा एकाच जुन्या डिस्कवर असतात. डिस्क बदलायला देण्यापूर्वी बॅकअप दोन ठिकाणी घ्या, त्यांतला एक दुकानाबाहेर ठेवा, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या वर्षीचे एखादे बिल खरोखर दिसते का ते स्वतः तपासा. न उघडणारा बॅकअप संकटाच्या वेळी काहीही कामाचा नसतो.

ऑनलाइन सॉफ्टवेअरचा खरा फायदा दुसरी शाखा असेल किंवा घरी बसून विक्री पाहायची असेल तेव्हा होतो. एकाच काउंटरसाठी मी ते सुचवणार नाही. तरीही घ्यायचे ठरवलेत, तर विक्रेत्याला दुकानात बोलवावे, इंटरनेट बंद करावे आणि त्याच अवस्थेत बिल करून दाखवायला सांगावे. ते जमत नसेल तर जूनमध्ये त्याच्या भरवशावर राहू नये.