बाष्पीभवन, बाष्पोत्सर्जन आणि हेमचंद्रांचा ‘बप्फ’

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आजींचा प्रश्न आहे. नात गुजराती माध्यमात शिकते, तिच्या पुस्तकात झाडांच्या पानांतून वाफ बाहेर पडण्याला ‘बाष्पोत्सर्जन’ म्हटलं आहे. पुण्याच्या भाच्याच्या पुस्तकात ‘बाष्पोच्छ्वास’. मराठीत बरोबर कोणतं, आणि सरळ ‘बाष्पीभवन’ म्हटलं तर काय बिघडतं?

शेवटचं आधी घेतो, कारण कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या तोंडून ते ऐकून कान किटले आहेत. “झाडं बाष्पीभवन करतात, म्हणून इथे गार वाटतं.” अहो, बाष्पीभवन दोरीवरच्या ओल्या पंचाचंही होतं. पंचाला ते आवरता येत नाही, पानाला येतं. पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या, दोन रक्षक पेशी फुगल्या की रंध्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. पानाच्या आत पेशींच्या ओल्या भिंतींवरून पाण्याची वाफ होते, तेवढं बाष्पीभवन. पुढे ती वाफ रंध्रातून बाहेर पडते, मागे उरलेल्या पाण्यावर ताण येतो आणि तो जलवाहिन्यांतल्या सलग पाण्यातून थेट मुळांपर्यंत पोचतो. वडाच्या शेंड्याला पाणी चढतं ते या ओढीने. डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये ही मांडणी केली. मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक असंच निघून जातं. एवढ्या मोठ्या व्यवहाराला स्वतंत्र नाव हवंच.

‘बाष्पोच्छ्वास’ मला मुळीच पटत नाही. ‘ट्रान्स्पिरेशन’ या इंग्रजी संज्ञेच्या पोटात लॅटिन ‘स्पिरारे’, म्हणजे श्वास घेणं, दडलेलं आहे. तोच श्वास परिभाषाकारांनी मराठीत आणून बसवला. मग मुलं श्वसन आणि ही क्रिया यांची गल्लत करतात, आणि बोल मुलांना लागतो. ‘उत्सर्जन म्हणजे टाकाऊ बाहेर टाकणं’ हा आक्षेपही पोकळ आहे. उत् आणि सृज्, म्हणजे सोडून देणं. टाकाऊपणा शाळेतल्या ‘उत्सर्जन संस्थे’मुळे चिकटला.

पण खरी गंमत ‘बाष्प’मध्ये आहे. संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ आणि बाष्प म्हणजे अश्रूही. प्राकृतात मात्र या दोन अर्थांच्या वाटा फुटल्या. बाराव्या शतकात गुजरातेत अणहिलवाड पाटणला जैन आचार्य हेमचंद्रांनी प्राकृत व्याकरणात त्यासाठी वेगळं सूत्रच दिलं: ‘बाष्पे होऽश्रुणि’. अर्थ अश्रू असेल तर ‘बाह’. अश्रू नसेल तर? ‘बप्फ’, म्हणजे ऊष्मा. एका शब्दाचा उच्चार अर्थ पाहून बदलतो आणि वैयाकरण त्याची नोंद ठेवतो, याहून सुंदर काय असतं! त्या बप्फाच्या घरातली गुजराती बाफ, हिंदी भाप आणि आपली वाफ. आपण बडोदेकर जूनमध्ये ज्याने हैराण होतो तो बफाराही तिथलाच. ‘वाफ हा गुजरातीतून घेतलेला शब्द’ असं आपल्याकडची काही जाणती मंडळीही ठोकून देतात. साफ चूक. त्या सख्ख्या बहिणी आहेत, एकीने दुसरीकडून काही घेतलेलं नाही.

आता माझं मत, आणि ते मी सोडणार नाही. पानातही बाष्पाच्या या दोन्ही वाटा दिसतात. उन्हातल्या फांदीवर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी बांधा, थोड्या वेळात ती आतून धुरकटते. तो बप्फ. आणि पावसाळ्यात पहाटे अळूचं पान पाहा: टोकाला टपोरा थेंब जमतो, गळतो, पुन्हा भरतो. ते दव नव्हे. दव सगळ्या पानावर पडतं, हा थेंब ठरावीक जागीच येतो. रात्री रंध्रं मिटलेली, जमीन ओली, हवा दमट. अशा वेळी मुळांच्या दाबाने पाणी जलरंध्रातून पाणी म्हणूनच बाहेर येतं. परिभाषेत त्याला ‘बिंदुस्राव’ म्हणतात. कोरडा शब्द! हा तर सरळसरळ ‘बाह’ आहे. ‘पर्णबाह’ म्हणायला काय हरकत आहे? ‘वाहणे’शी गोंधळ होईल म्हणणाऱ्यांनी आधी हेमचंद्रांचं सूत्र वाचावं, मग बोलावं.