सोमवारी लाल किल्ला नको

प्रश्न: ताई, डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चौघं दिल्लीला जातोय. शनिवार, रविवार आणि सोमवार हातात आहेत. सोबत ७१ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा सातवीत आहे, मराठ्यांच्या इतिहासाचं त्याला वेड. एजंटनं शनिवारी आग्रा, रविवारी बसनं ‘दिल्ली दर्शन’ आणि सोमवारी लाल किल्ला व चांदनी चौक असं आखून दिलंय. चालेल ना?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: नाही चालणार. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, राष्ट्रीय संग्रहालयही. आग्रा या वेळी सोडाच. डिसेंबरात धुक्यानं सकाळच्या गाड्या रखडतात, आणि सासूबाईंचा अख्खा दिवस बसून अवघडण्यात जाईल. ‘दिल्ली दर्शन’च्या बसमध्ये तर दर तासाला चढ-उतार. दुखऱ्या गुडघ्यांना त्याहून वाईट काही नाही.

शनिवार पूर्ण जुन्या दिल्लीला द्या. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारच. मेट्रोच्या ‘लाल किला’ स्टेशनवर उतरलात की किल्ला समोरच. तिकीट मोबाइलवर काढा, थोडं स्वस्त पडतं आणि रांग टळते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. लाहोरी दरवाजातून आत शिरलं की छत्ता चौक लागतो, म्हणजे छपराखालचा बाजार. शाहजहानच्या काळापासून ही जागा बाजाराचीच आहे. तिथं रेंगाळू नका, खरेदीला पुढं खूप जागा आहेत.

मुलाला थेट दिवाण-ए-खासपुढं उभं करा. या दालनाचं छत एके काळी चांदीचं होतं. मयूरासन १७३९ साली नादिरशहानं नेलं, आणि छताची उरलेली चांदी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतल्यावर सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवली. पुण्याहून पैसा येत नव्हता, फौजेचे पगार थकले होते, माणसांना अन्न नव्हतं आणि घोड्यांना चारा. पाच महिन्यांत पानिपत झालं. दिल्लीचे गाइड हा किस्सा हटकून सांगतात, आणि तो ऐकताना आपली माणसं कानकोंडी होऊन इकडंतिकडं बघतात, हे मी अनेकदा पाहिलंय. कानकोंडं होऊ नका आणि गाइडशी वादही घालू नका. मुलाला ते सगळं सांगा, भाऊंची अडचण आणि त्यांनी काय केलं तेही. त्याच्या वयाला हे नीट कळतं. आणि लगेच पुढचंही सांगा. १७८८ साली गुलाम कादिरनं याच किल्ल्यात शाह आलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजेनं त्याला हुसकावलं आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. त्यानंतर १८०३ पर्यंत बादशहा शिंद्यांच्याच आसऱ्याला होता. त्या वर्षी सप्टेंबरात यमुनेपलीकडं पटपडगंजला जनरल लेकनं शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. पटपडगंजला आज नुसत्या सोसायट्या आहेत, तिकडं जाण्यात अर्थ नाही.

किल्ल्यातून बाहेर पडलात की समोर लाल जैन मंदिर आणि त्याला लागूनच गौरीशंकराचं देऊळ. ते आपा गंगाधर नावाच्या मराठी गृहस्थानं १७६१ साली बांधलं असं सांगतात. पानिपताचंच वर्ष! सासूबाईंना तिथं निवांत बसू द्या. इतक्या मराठी माणसांना मी या देवळावरून तसंच पुढं जाताना पाहिलंय की दर वेळी जीव हळहळतो.

पुढचा चांदनी चौकाचा रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद असतो. सासूबाईंसाठी सायकलरिक्षा करा, भाडं आधी ठरवा. डाव्या हाताला दरीबा कलाँ, तिथं चांदी आणि अत्तरं. त्याच्या आतून किनारी बाजार, जरीच्या काठांचा. गुरू तेगबहादुरांच्या बलिदानाच्या जागेवरचा शीशगंज गुरुद्वारा याच रस्त्यावर आहे, डोक्यावर रुमाल बांधून आत जा. रस्ता फतेहपुरी मशिदीपाशी संपतो आणि खारी बावली सुरू होते. मिरच्यांच्या पोत्यांचा खाट इतका की ठसका लागतोच. कुणाला दमा असेल तर त्यांना बाहेरच बसवा. घेण्यासारखा एकच जिन्नस सांगते, हिंग. खडा हिंग तिथं बघून, वास घेऊन मिळतो. बाकी मसाले सांगलीच्या पेठेतही मिळतात. डिसेंबर आहे, तेव्हा ‘दौलत की चाट’ नक्की खा. दुधाचा नुसता फेस, वर केशर आणि थोडा खवा, हिवाळ्यातच मिळते. जामा मशिदीला कुठल्याही दरवाजानं गेलात तरी पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे तिथं मुलाला घेऊन एकानं जावं.

रविवारी सकाळी राष्ट्रीय संग्रहालय. मोहेंजोदडोची नर्तिका जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, पुस्तकातल्या चित्रामुळं मोठी वाटते. मुलाला ती शोधायला लावा. दुपारी आसफ अली रोडवरच्या महिला हाटात जुन्या पुस्तकांचा बाजार. पूर्वी तो दरियागंजच्या फुटपाथवर भरायचा.

सोमवारी कुतुब आणि हुमायूनची कबर, दोन्ही उघडी असतात. कुतुबाच्या आवारात फारशी चढ-उतर नाही, सासूबाईंना सोपं जाईल. कबरीचा चौथरा मात्र उंच आहे आणि पायऱ्या अंगावर येणाऱ्या. त्यांना खाली बागेत बसवा. मुलाला सांगा, १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफरला इथंच पकडलं आणि पुढं त्याच्यावर खटला चालवला तो शनिवारी पाहिलेल्या दिवाण-ए-खासमध्ये.

मुलगा पानिपतचा हट्ट धरेल. ते ९० किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस हवा. पुढच्या वेळी १४ जानेवारी धरून जा. त्या दिवशी काला आंबच्या स्मारकापाशी स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणारे हरियाणातले ‘रोड मराठा’ समाजाचे लोक आणि महाराष्ट्रातून आलेली माणसं एकत्र जमतात.

प्रश्न: परीक्षेसाठी जानेवारीत दिल्लीला जायचंय. एक दुपार मोकळी आहे. बाबासाहेबांशी जोडलेली एकच जागा पाहायची तर कोणती?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: २६, अलीपूर रोड. मेट्रोच्या पिवळ्या लाइनवर ‘सिव्हिल लाइन्स’ला उतरा. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब या पत्त्यावर राहायला आले आणि ६ डिसेंबर १९५६ ला इथंच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. आदल्या रात्री उशिरापर्यंत ते ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेवर काम करत होते. जुनं घर आता राहिलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या खोलीत ते लिहीत बसायचे ती पाहायला मिळायला हवी होती. त्या जागी २०१८ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय स्मारक आहे, संविधानाच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराचं. आत सावकाश फिरा, घाई करू नका. सोमवारी बंद असतं, परीक्षेचा वार बघून ठरवा.

प्रश्न: दिल्लीत घासाघीस न करता चांगल्या हातमागाच्या साड्या कुठं मिळतील?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: बाबा खडकसिंग मार्गावर ओळीनं राज्य सरकारांची एम्पोरियम आहेत. भाव ठरलेले, माल खात्रीचा. विणकरांशी बोलून घ्यायची असेल तर आयएनएची दिल्ली हाट, मेट्रो स्टेशनला अगदी लागून. तिथं घासाघीस थोडी होते, पण समोर बहुतेकदा कारागीर स्वतः असतो, फार ताणू नका. स्टॉल दर पंधरवड्याला बदलतात. साडी मनात भरली तर त्याच फेरीत घ्या.