फिजिकल कीबोर्डचा स्मार्टफोन रोजच्या वापरात कसा वाटतो? मराठीत लिहिणाऱ्याने घ्यावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. असा फोन आजच्या काळात रोजच्या वापरात निभतो का, आणि दिवसभर कामाचे ईमेल लिहून संध्याकाळी थोडं मराठी लिखाण करणाऱ्याला त्याचा उपयोग होईल का. पहिल्याचं उत्तर हो, कुरबुरींसकट. दुसऱ्याचं उत्तर अर्धं हो. यातला 'अर्धा' भाग इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये सापडत नाही, कारण ते लिहिणाऱ्यांना देवनागरीत टाइप करायचं नसतं.

माझा फोन चौकोनी पडद्याचा आहे, खाली चार ओळींत खरीखुरी बटणं. बरेच महिने तो माझा एकमेव फोन आहे. मॉडेलचं नाव देत नाही, कारण पुढचं बरं-वाईट या जातीच्या सगळ्याच फोनांना थोड्याफार फरकाने लागू होतं.

आधी वेगाचा विषय संपवून टाकतो. बटणांवर टायपिंग वेगात होतं अशी समजूत घेऊन बरेच जण या फोनकडे येतात. माझा वेग सुरुवातीला चक्क निम्म्यावर आला, मग हळूहळू पूर्वीइतका झाला आणि तिथेच थांबला. काचेवरचा कीबोर्ड आता तेवढा मागासलेला राहिलेला नाही. 2019 मध्ये आल्टो, केंब्रिज आणि ईटीएच झुरिक या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 37,000 लोकांचं मोबाइलवरचं टायपिंग तपासलं होतं. दोन्ही अंगठ्यांनी टाइप करणाऱ्यांचा सरासरी वेग मिनिटाला 38 शब्द निघाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मोठ्या कीबोर्डपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी. तेव्हा निव्वळ वेगासाठी हा फोन घेऊ नका.

बटणांमुळे मोकळी होते ती नजर. अंगठ्याला प्रत्येक बटणाची कड लागते, दाबलं की ते 'लागलं' हे बोटाला कळतं, त्यामुळे डोळे वाक्यावर राहतात. काचेवर टाइप करताना आपण एक डोळा अक्षरांवर आणि एक मजकुरावर ठेवत असतो, हे सवयीने लक्षात येत नाही. ते थांबलं की लांब ईमेल लिहिताना वाक्य मनात धरून ठेवता येतं. शिवाय कीबोर्ड पडद्यावर उगवत नसल्याने ज्या मेलला उत्तर देतोय तो मेल समोरच दिसत असतो. माझ्यासाठी हा फायदा वेगापेक्षा कितीतरी मोठा ठरला.

ऑटोकरेक्टपासूनही सुटका होते. काचेवर तो बंद केला तर चुकांचा खच पडतो, आणि चालू ठेवला तर रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीची तो वाट लावतो. 'येतो', 'करतो' असं काही रोमनमध्ये लिहिलं की त्याचा कुठलातरी इंग्रजी शब्द करून मोकळा. बटणांच्या फोनवर मी तो कायमचा बंद केला आहे आणि चुका हाताळण्याइतक्याच होतात. तुमचे निम्मे मेसेज रोमन मराठीत जात असतील (बहुतेकांचे जातात, कबूल कोणी करत नाही), तर एवढ्याचसाठीसुद्धा हा फोन आवडेल.

काही मॉडेलांमध्ये बटणांचा पृष्ठभाग स्पर्शही ओळखतो. ब्लॅकबेरीच्या 2014 च्या 'पासपोर्ट' नावाच्या फोनमध्ये ही सोय होती, पुढे त्यांच्याच 'कीवन' आणि 'की टू' या मॉडेलांमध्येही आली. न दाबता बटणांवरून नुसता अंगठा फिरवला की पान सरकतं, कर्सर अक्षराअक्षराने हलतो. शब्दाच्या मधलं एक अक्षर दुरुस्त करण्यासाठी काचेवर बोट टेकवून ते भिंग येण्याची वाट ज्याने पाहिली आहे, त्याला याची किंमत कळेल. देवनागरीत तर ती दुप्पट, कारण खोडायला गेलं की आधी वेलांटी जाते, मग अक्षर, आणि जोडाक्षर असेल तर मध्ये पाय मोडलेलं अक्षर लोंबकळत राहतं. ठाम दाबता येणारं खोडायचं बटण हाताशी असणं इथे खरंच सुखाचं आहे. की टू मध्ये तर 26 अक्षरांना प्रत्येकी दोन, असे 52 शॉर्टकट लावता येत होते: एकदा दाबलं की एक ॲप, दाबून धरलं की दुसरं. अशी सोय असेल तर पहिल्याच दिवशी लावून घ्या. आयकॉन शोधायची सवयच सुटते.

आकड्यांचं मात्र दुखणं आहे. वेगळी आकड्यांची ओळ बहुधा नसते. आकडे अक्षरांच्याच डोक्यावर छापलेले असतात आणि ऑल्ट धरून टाइप करावे लागतात. ओटीपीच्या रकान्यात बरेचदा फोन आपणहून आकड्यांवर जातो, पण पासवर्डमध्ये लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांची खिचडी असली की अंगठ्यांची कसरत होते. पासवर्ड मॅनेजर ठेवा, विषय संपला.

आता मराठी.

2007 च्या जानेवारीत आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सने बटणांच्या फोनवर आक्षेप घेतला होता, की ती बटणं गरज असो-नसो तिथेच असतात आणि प्रत्येक ॲपची गरज वेगळी असली तरी बदलता येत नाहीत. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा आक्षेप थोडा ताणलेला वाटू शकतो. देवनागरीला तो तंतोतंत लागू पडतो. काचेवरचा कीबोर्ड क्षणात मराठी होतो, प्लॅस्टिकवर छापलेला 'क्यू' मात्र 'क्यू'च राहतो.

छापील अक्षरं आपल्याला नको आहेत, इनस्क्रिप्ट (देवनागरीची ठरलेली कीबोर्ड-मांडणी) तर पाठ आहे, असं तुम्ही म्हणाल. पण इनस्क्रिप्ट कॉम्प्युटरच्या कीबोर्डसाठी आखलेला आहे आणि तो 26 अक्षरांच्या बटणांत मावत नाही. त्यात 'च' अर्धविरामाच्या बटणावर आहे, 'ट' अवतरणचिन्हाच्या, 'ड' चौकोनी कंसाच्या आणि 'य' तिरप्या रेघेच्या. शिफ्ट धरून येणारे छ, ठ, ढ हेही तिथेच, आणि 'ष' स्वल्पविरामावर. फोनच्या छोट्या कीबोर्डवर यांतली बहुतेक बटणं स्वतंत्र नसतातच, ती चिन्हं ऑल्टखाली दडलेली असतात. 'च' नसलेलं मराठी लिहून पाहा. चा, ची, चे, च्या सगळे गेले, म्हणजे कुणाचं काय आहे हे सांगायची सोयच गेली. 'य' गेला की 'काय' आणि 'नाही यायचं' दोन्ही गेले.

राहतो रोमन टाइप करून देवनागरी उमटवण्याचा मार्ग. आपल्यापैकी बहुतेक जण काचेवर तेच करतात. पण या पद्धतीत अंदाज चालतो. रोमनमध्ये न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट, द आणि ड एकाच अक्षराने लिहिले जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नसतो. बाल की बाळ, मन की मण, माल की माळ हे ॲप ठरवतं आणि आपण पर्यायांच्या पट्टीतून हवा तो शब्द निवडतो. माझ्या फोनवर ती पट्टी पडद्याच्या तळाशी येते आणि निवडायला अंगठा बटणांवरून उचलून काचेवर न्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला पुन्हा नजर पट्टीवर. बटणांनी जे एकमेव मोठं सुख दिलं होतं, तेच मराठी लिहायला घेतलं की काढून घेतलं जातं. आणि उलट पडद्यावरचा मराठी कीबोर्ड उघडावा, तर आधीच लहान असलेला पडदा निम्मा झाकला जातो, खाली खरी बटणं रिकामी बसून राहतात.

मी यातून काढलेली वाट अशी. अंदाज न करता ठरलेल्या नियमाने चालणारा फोनेटिक कीबोर्ड मी वापरतो, ज्यात मोठ्या लिपीतला 'एन' म्हणजे ण, मोठा 'एल' म्हणजे ळ, मोठा 'टी' म्हणजे ट. नियम बोटांत बसायला वेळ लागतो, मराठीत ण आणि ळ इतके येतात की शिफ्टवर सतत अंगठा असतो, पण न बघता लिहिता येतं. मात्र असा कीबोर्ड देणारं प्रत्येक ॲप खऱ्या बटणांबरोबर चालतंच असं नाही, ते आधी बघून घ्या. लांब मजकूर असला तर मी बोलून टाइप करतो आणि मग बटणांनी दुरुस्त करतो. दुरुस्तीला हा फोन उत्तम आहे, हे वर आलंच.

पडद्याबद्दल थोडक्यात. चौकोनी 1440 बाय 1440 पिक्सेलच्या पडद्यावर नेहमीचा आडवा व्हिडिओ फक्त 810 ओळी घेतो, बाकी वर-खाली काळं. उभे व्हिडिओ असतील तर तेच डावी-उजवीकडे. काही ॲप उंच पडदा गृहीत धरून बनवलेली असतात, त्यांचं 'पुढे' म्हणणारं बटण पडद्याखाली गायब होतं. वाचायला मात्र रुंदी छान वाटते, आणि तक्ते बघायलाही. असे फोन सुमारे 90 मिलिमीटर रुंद असतात, एका हाताने चालवणं विसरा. अरुंद पडद्याची मॉडेलं हातात बरी बसतात, पण त्यांत अंगठा तळाशी आणि वजन वर, म्हणून फोन पुढे झुकतो आणि करंगळीला त्याचा भार सोसावा लागतो.

बटणांच्या फटींत धूळ जाते, मऊ ब्रश लागतो. जास्त वापराच्या बटणांवर चकाकी येते, स्पेसबार थोडा खुळखुळतो. शांत खोलीत टकटक ऐकू जाते आणि शेजारी झोपलेल्या माणसाला ती आवडत नाही. ओल्या बोटांनी मात्र बिनघोर टाइप होतं.

जुना, नावाजलेला फोन घ्यायचा मोह होईल, तो आवरा. ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या फोनांचा आधार 4 जानेवारी 2022 ला काढून घेतला गेला. अँड्रॉइडवर चालणारा की टू 2018 मध्ये अँड्रॉइड 8.1 घेऊन आला आणि तिथेच राहिला. तो बनवणाऱ्या टीसीएल कंपनीने ब्लॅकबेरीच्या नावाने फोन विकणं ऑगस्ट 2020 अखेर थांबवलं. ते नाव पुन्हा आणू म्हणणारी ऑनवर्डमोबिलिटी ही कंपनी एकही फोन न काढता 2022 मध्ये बंद झाली. म्हणजे कीबोर्ड कितीही सुंदर असला, तरी बँकेचं ॲप चालेल की नाही ही धास्ती आणि सुट्या भागांचा दुष्काळ. कीबोर्डचा स्पेअर मिळाला नाही, तर एक बिघडलेलं 'ए' अख्खा फोन निकामी करतं. गंमत म्हणजे 2008 मधला पहिला अँड्रॉइड फोनच सरकत्या कीबोर्डचा होता. आज मात्र नवीन घ्यायचं तर युनिहर्ट्झसारख्या मोजक्या छोट्या कंपन्या उरल्या आहेत, किंवा आयफोनला खालून कीबोर्ड जोडणारं क्लिक्सचं कव्हर.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. गेल्या आठवड्यात पाठवलेले मेल आणि मेसेज वर सरकवून बघा आणि त्यातलं इंग्रजी, रोमन मराठी आणि देवनागरी किती ते अंदाजाने वेगळं काढा. पहिली दोन मिळून बरीच जास्त असतील तर नवीन मॉडेल घ्या, परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहून. देवनागरी जास्त असेल तर आहे तोच फोन ठेवा आणि ब्लूटूथने जोडता येणारा पूर्ण कीबोर्ड घ्या, त्यावर 'च' आणि 'य' दोघांनाही जागा असते. घेण्याआधी तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डसाठी मराठी किंवा हिंदी मांडणी निवडता येते का, तेवढं पाहून ठेवा.