डेंगी एकदा झाला, परत होईल का?

प्रश्न : माझ्या मुलाला (वय 14) 2022 साली डेंगी झाला होता. आता आमच्या गल्लीत पुन्हा तीन पेशंट निघालेत. सासूबाई म्हणतात, ‘गोवरासारखंच असतं ते, एकदा येऊन गेलं की परत येत नाही.’ निर्धास्त राहू का? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, गोवराबद्दल सासूबाई अगदी बरोबर आहेत. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर 1781 मध्ये गोवराची साथ आली आणि पुढची पासष्ट वर्षं तो तिकडे फिरकलाच नाही. 1846 मध्ये परत आला, तेव्हा पीटर पॅनम हा तरुण डॉक्टर गावोगाव फिरला. पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजार लोक आजारी पडले होते. पण 1781 मध्ये गोवर निघालेले जे 98 म्हातारे त्याला माहीत झाले, त्यातल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही.

डेंगीचं गणित वेगळं आहे, कारण त्याचे विषाणू चार प्रकारचे. ज्या प्रकाराचा डेंगी झाला, त्याच्यापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून जेमतेम काही महिने. नंतर तर उलटंच होऊ शकतं. पहिल्या डेंगीशी लढायला शरीरानं बनवलेली जुनी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) नव्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला मारू शकत नाहीत; उलट पेशींत शिरायला त्याला वाट करून देतात. क्यूबात 1977 मध्ये एका प्रकाराची साथ आली, 1981 मध्ये दुसऱ्याची. दुसऱ्या साथीत 158 माणसं गेली, त्यात 101 मुलं होती. हे वाचताना आजही मला गलबलून येतं.

घाबरवायचं नाही मला. दुसऱ्यांदा डेंगी झालेले बहुतेकजण नीट बरे होतात. पण ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, तिथेच घात होतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला, ‘डॉक्टर, ताप गेला, उद्यापासून कामावर जातो’ म्हणत. हात हातात घेतला तर बर्फासारखा गार, नाडी हाताला लागेना. त्याला तिथूनच दवाखान्यात हलवला, म्हणून वाचला.

तेव्हा मुलाला ताप आलाच तर पॅरासिटामॉलच द्या; ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको. पाणी, पेज, सरबत देत राहा. ताप उतरल्यावरचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा: पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, पोरगं चिडचिडं किंवा गुंगीत. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

फ्रिजमागचा ट्रे आजच ओता. बॅरल, कूलर आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. आणि 2022 चा रिपोर्ट शोधून ठेवा. त्यात प्रकार लिहिलेला नसतो, पण आधी डेंगी होऊन गेलाय हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळायला हवं.